गाणं संपलं की सिस्टर येईल

१

हेडसर गेले तेव्हा फोनचा रिसीव्हर त्यांच्या कानाशी होता. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या बोळकांडीत ते पडले होते, डोक्याला खोक पडली होती, आणि टेबलावरचा फोन त्यांनी वायरीला धरून खाली ओढून घेतला होता. म्हणजे शुद्ध होती. मदत कशी मागायची हेही ठाऊक होतं. तरी जेवणानंतर पडलेला माणूस चहाची वेळ होईपर्यंत तसाच राहिला, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्याचं रक्त काही कुणाची वाट पाहत थांबत नाही.

हे मला त्या वृद्धाश्रमाच्या मालक डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. सांगताना ते काहीतरी चघळत होते. ती मचमच थेट माझ्या कानात.

"अकरा नंबरचे सर हो. त्यांनी फोन उचलला होता, बाई. सिस्टर टेबलावर नव्हती, किंवा असून लक्ष दिलं नाही. तुमची सिस्टिम ठणठणीत आहे, एवढंच त्यांच्या मुलीसमोर येऊन सांगायचं. ती संध्याकाळी पोलिसांत जाणार आहे. सिस्टरवर तक्रार झाली की आपण सगळे मोकळे."

"आपण" म्हणे. मला कुणी आपल्यात ओढलं की अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं.

माझा धंदा खासगी टेलिफोन एक्स्चेंजचा. बाहेरच्या लाइनी चार आणि आत बोलणारी माणसं चाळीस, अशा प्रत्येक ठिकाणी भिंतीवर एक पेटी बसते. कुणाचा फोन कुणाला जोडायचा, कुणाला बाहेर बोलू द्यायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे ती ठरवते. म्हणजे आपण तिला सांगून ठेवू तसं ठरवते. लोक मला टेलिफोनबाई म्हणतात. इतकी वर्षं दुसऱ्यांचे रिसीव्हर उघडून साफ केल्यावर माणसांबद्दल फारसं प्रेम उरत नाही. बोलायच्या भोकांमागे थुंकीचा जो पिवळा थर साचतो, तो साहेबाच्या फोनमध्येही असतो आणि चौकीदाराच्याही.

या आश्रमाची पेटी मीच बसवली होती. म्हाताऱ्या माणसांना नंबर आठवत नाहीत, बटणं दिसत नाहीत, म्हणून खोलीतला फोन नुसता उचलून कानाशी धरायचा. काही दाबलं नाही तर दोन श्वासांत सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजते. त्या सोयीचा मला अभिमान होता. म्हणूनही मी गेले.

फाटकातच फिनेलचा आणि त्याखाली दडवलेला दुसरा वास आला. दाराशी प्लास्टिकची फुलं, त्यांच्यावर बोटभर धूळ, आणि वर पाटी: "हे आपलंच घर." आत कॉरिडॉरच्या टोकाला सिस्टरचं टेबल होतं. सिस्टर तिशीची, रडून डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"तुम्हीही तेच विचारणार ना, की मी कुठे होते?" ती म्हणाली. "इथेच होते. दुपारच्या गोळ्यांच्या डब्या भरत होते. जागची हलले नाही. घंटा वाजलीच नाही, बाई."

"वाजली नाही, की ऐकू आली नाही?"

"वाजली नाही. दोन नंबरमधून वाजली, ती घेतली. स्वयंपाकघरातून वाजली, ती घेतली. सरांची नाही वाजली." तिने टेबलावर तळहात आपटला. "सरांची मुलगी मला खुनी म्हणून गेली. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन गेलं तर मी काय करू? कोण ठेवेल मला?"

तिच्यामागे एक गोल चेहऱ्याच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरा कोट, कपाळावर सुरकुती नाही, आणि आवाज साखरेत घोळलेला. आश्रमाच्या मेट्रन. त्यांना सगळे ताई म्हणतात.

"रडू नको, बाळा," ताई सिस्टरच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "माणूस आहे. डोळा लागतो कधी. कबूल केलंस की मन हलकं होईल."

सिस्टरने तो हात झटकून टाकला. मला तिथेच ती आवडली.

२

फोन उचलला गेला होता हे कुणी पाहिलं, असं मी विचारलं.

"मीच," ताई म्हणाल्या. "चहाच्या वेळी फेरी मारताना मलाच सापडले ते. रिसीव्हर कानाशी होता. मी आधी तो काढून जागेवर ठेवला. बघवेना हो, बाई."

बघवेना म्हणून फोन जागेवर. नाडी पाहायच्या आधी. मी ते मनात टिपून ठेवलं आणि रिसेप्शनवर गेले.

रिसेप्शनवाली नखं रंगवत होती. एक माणूस आदल्या दिवशी मेलेला, दुसरीची नोकरी टांगणीला लागलेली, आणि इथे लाल रंगाचा दुसरा हात चालू. त्या रंगाचा वास थेट नाकात.

"काल दुपारी तुझ्याकडे खोल्यांमधली घंटा आली होती का गं?"

"माझ्याकडे कशाला येईल? सिस्टरने उचलली नाही तरच येते."

"बरोबर. आणि तूही उचलली नाहीस तर?"

"तर डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये. तुम्हीच तर करून दिलंय तसं." तिने नखांवर फुंकर मारली. "काल नाही आली. मी इथेच होते. जेवायला उशिरा गेले, तेव्हा ताई बसल्या होत्या माझ्या जागेवर. मी नसले की कधी सिस्टर बसते, कधी ताई."

आता हे नीट समजून घ्या, कारण सिस्टरचा सगळा बचाव इथे आहे. न उचललेली घंटा त्या पेटीत कधी स्वस्थ बसत नाही. सिस्टरच्या टेबलावर आठ-दहा वेळा वाजली की ती रिसेप्शनवर उडी मारते, तिथून मालकाच्या केबिनमध्ये. सिस्टर झोपली असती, गप्पा मारत असती, गावाला गेली असती, तरी दुसऱ्या कुणाला तरी घंटा ऐकू आलीच असती. डॉक्टरांना विचारलं. ते दुपारभर केबिनमध्ये होते आणि त्यांची घंटाही वाजली नव्हती.

म्हणजे सरांनी फोन उचलला, पण तो सिस्टरच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. मग गेला कुठे?

"तुमची पेटी बिघडली असेल," डॉक्टर लगेच म्हणाले. आता त्यांचं "आपण" संपलं होतं. खापर फोडायला सिस्टरचं नाही तर माझं डोकं, एवढाच फरक.

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कॉरिडॉरच्या पलीकडून कुणीतरी गुणगुणत होतं. आवाज म्हातारा, चिरका, सुरात अजिबात नाही. तरी ती चाल माझ्या ओळखीची होती, आणि कुठली ते काही केल्या आठवेना.

३

गुणगुणत होत्या मोजेआजी. त्या आश्रमातल्या सगळ्यांना मोजे विणून देतात, हवे असोत वा नसोत. अकरा नंबरच्या खोलीत खिडकीशी बसून त्यांच्या सुया चालल्या होत्या.

"अकरा नंबर?" मी दारातच थांबले. "ही हेडसरांची खोली ना?"

"होती, पोरी. आता माझी." आजींचे डोळे भरून आले. "मी सहामध्ये होते. तिथून न्हाणीघर लांब, माझे गुडघे हे असे. एकदा वाटेतच फजिती झाली. सरांनी पाहिलं, पण बघितल्यासारखं केलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आजी, मला बागेकडची खोली हवी होती, अदलाबदल करता का? खोटं बोलत होते. सकाळी ऊन येतं म्हणून त्या खोलीला नावं ठेवणारे तेच."

सर सहा नंबरमध्ये मेले होते. डॉक्टर त्यांना अजून अकरा नंबरचे सर म्हणत होते. मालकाला आपल्या मेलेल्या माणसाची खोली ठाऊक नव्हती.

"आजी, तुम्ही काय गुणगुणत होता?"

"ते होय? ते फोनमधलं गाणं." त्यांनी सुई फोनकडे रोखली. "सहामध्ये होते तेव्हा फोन उचलला की लागायचं. गाणं संपलं की सिस्टर येईल म्हणून धरून बसायची. हात दुखायचा, मग ठेवून द्यायची. इथे मात्र उचलला की सिस्टर लगेच बोलते. सरांच्या खोलीला मान आहे बाई."

"गाणं लागतं हे कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ताईंना सांगितलं. त्यांनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आजी, वय झालं की कानात वाजतं. मला वाटलं असेल बाई." आजी हसल्या. "पण नऊ नंबरच्या काकांच्या कानातही तेच गाणं वाजतं. आम्ही दोघं मिळून म्हणतो कधी कधी."

आता मला चाल आठवली. न आठवून कुठे जाईल? मीच तर ती विकते. फोन होल्डवर ठेवला की समोरच्याच्या कानात जे टिंवटिंव वाजतं ना, ते. कारखान्यातून पेटीच्या चिपमध्ये भरून येतं. रेडिओवर लागत नाही, सिनेमात नाही, जगात दुसरीकडे कुठेही नाही. ज्याला ताटकळत ठेवलंय त्यालाच ते पाठ होतं.

मी आजींच्या टेबलावरचा फोन उचलून पाहिला. लगेच सिस्टरचा आवाज. फोन खाली ठेवताना त्याच्यावरची चिठ्ठी दिसली. ठळक आकड्यात लिहिलं होतं: सहा.

खोली अकरा. फोनवर सहा. आणि तरी फोन चालू.

४

सहा नंबरची खोली पुसून घेतली होती, पण फरशीच्या सांध्यांत रंग राहिला होता. सरांची मुलगी पलंगावर बसून पुस्तकं खोक्यात भरत होती. डॉक्टर आणि ताई माझ्यामागून आले. सिस्टर दाराबाहेर थांबली, कारण मुलीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की आत यायची तिची हिंमत झाली नाही.

टेबलावरच्या फोनवर चिठ्ठी होती: अकरा. मी स्पीकरचं बटण दाबलं आणि काहीही न करता थांबले.

टिंव टिंव, टिंव टिंव. गोड, चिकट, हसरं. सरांच्या पुस्तकांवर, त्यांच्या चपलांवर, त्या फरशीवर ते वाजत राहिलं.

"हे काय?" मुलगी उभी राहिली.

"तुमच्या वडिलांनी काल हे ऐकलं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? "पेटीत एक आकडा असतो, गाणं नीट वाजतंय का हे तपासायचा. या खोलीचा फोन कुणीतरी सिस्टरच्या टेबलावरून काढून त्या आकड्याला जोडला आहे. बिघाड नाही. मुद्दाम केलंय."

ताईंनी पुढे होऊन फोन बंद केला. त्यांना ऐकवत नाही असं मुलीला वाटलं असावं, कारण तिने त्यांना धरून बसवलं.

मी रिसेप्शनवरून पेटी तपासली. नुसती सहा नंबरची खोली नव्हती. सहा, नऊ, बारा आणि आणखी चार अशा सात खोल्या गाण्याला जोडलेल्या. रिसेप्शनवालीला ते आकडे वाचून दाखवले आणि विचारलं, यांच्यात सारखं काय आहे? तिचा नखांवरचा ब्रश तिथेच थांबला.

"यांना भेटायला कुणी येत नाही," ती हळूच म्हणाली. "सहामध्येही आधी मोजेआजी होत्या ना."

मला उठून बाहेर जावं लागलं. अंगणातल्या नळावर तोंड धुतलं, दोनदा चूळ भरली. ज्याला विचारणारं कुणी नाही त्याचा फोन मुका करायचा. किती हिशेबी, किती स्वच्छ काम. त्यांना आत घ्यायचं, जेवू घालायचं, वाढदिवसाला फुगा लावायचा, आणि हाक मारली तर कानात गाणं सोडायचं.

परत आले तर डॉक्टर कॉरिडॉरमध्ये सिस्टरवर गरजत होते. "तुझंच काम हे! खोल्यांच्या घंट्यांचा त्रास कुणाला? तुला! रिसेप्शनवर कोण बसतं? तू! फोन आला नाही म्हणे. येईल कसा, तूच तोडलास तर?"

सिस्टरचा चेहरा पांढरा फटक पडला. ज्या शोधाने ती सुटेल असं मला वाटलं होतं, तोच मी तिच्या गळ्यात बांधला होता. सरांच्या मुलीने पर्स उचलली आणि ती पोलिसांकडे निघाली.

५

"दोन मिनिटं थांबा," मी तिला अडवलं. "मला इथल्या मामांना एक विचारायचं आहे."

मामा म्हणजे आश्रमाचा जुना हमाल, आता कंबर वाकलेला. सगळे सिस्टरच्या टेबलाभोवती उभे होते: डॉक्टर, ताई, सिस्टर, सरांची मुलगी, आणि पाठोपाठ आलेली रिसेप्शनवाली.

पेटीला नवं काही शिकवायचं तर रिसेप्शनच्या फोनवरून गुप्त आकडा दाबावा लागतो. गुप्त कसला, एक-दोन-तीन-चार. बदला म्हणून कानीकपाळी ओरडले, कुणी बदलला नाही. पेटी बसवली त्या दिवशी तो मी डॉक्टर, ताई, सिस्टर आणि रिसेप्शनवाली या चौघांना शिकवला होता, आणि ते चौघंही समोर उभे होते.

"मामा, सर आणि आजींच्या खोल्या बदलल्या तेव्हा काय काय हलवलंत?"

"कपडे, औषधं, सरांची पुस्तकं, आजींची लोकर. पलंग-कपाटं जागच्या जागी. उशापण तिथल्याच. आणि फोन हलवले."

"फोन? सगळे एका रंगाचे, एका कंपनीचे. ते कशाला?"

"मी तेच म्हटलं, बाई. वाकायला लागतं मला. सिस्टरपण म्हणाली, राहू द्या मामा, दोन्ही सारखेच आहेत." त्यांनी ताईंकडे पाहिलं. "पण ताई म्हणाल्या, ज्याचा फोन त्याच्याबरोबर गेला पाहिजे. सरांचा फोन सरांच्याच टेबलावर आहे का, ते स्वतः येऊन बघून गेल्या."

ताई हसल्या. "अगं, म्हाताऱ्या माणसाला आपल्या वस्तूची सवय असते, बाळा."

"उशीची नसते? डोकं कुठे ठेवायचं याची सवय नाही, आणि फोनची सवय?" मी म्हणाले. "ज्याला दोन्ही फोन सारखे वाटतात तो ते हलवत नाही, ताई. सिस्टरला सारखे वाटले. हलवतो तो, ज्याला माहीत असतं की यातला एक बोलका आहे आणि एक मुका."

"हे काहीतरीच!" डॉक्टर म्हणाले. "रिसेप्शनवालीनेही केलं असेल."

"तिने केलं असतं तर फोन हलवायची भानगडच नसती. मागे तिचं टेबल या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं, तेव्हा फोन उचलून नेला पण नंबर जुन्याच जागी राहिला. मला फोन करून केवढी भांडली होती! तेव्हापासून तिला पक्कं माहीत आहे की नंबर भिंतीचा असतो. पेटीपासून खोलीपर्यंत जी वायर येते तिला नंबर असतो. टेबलावरचं यंत्र म्हणजे नुसता कान आणि तोंड. कुठल्याही भिंतीला लावा, त्या भिंतीचं होऊन बसतं."

"आणि मी?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना आता घाम फुटला होता.

"तुम्हाला सर खोली बदलून गेल्याचंच माहीत नव्हतं. अजूनही अकरा नंबर म्हणताय. त्यांचा फोन कुठे असावा याची काळजी तुम्ही कशी करणार?"

मी ताईंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण त्यामागे कुणी उरलं नव्हतं.

"तुम्ही पेटीत सहा नंबर मुका केलात, मोजेआजींचा. तेव्हा आजी त्या खोलीत होत्या आणि त्यांना विचारणारं कुणी नाही. मग खोल्या बदलल्या. तुम्हाला वाटलं, नंबर यंत्रावर चिकटवलाय म्हणजे तो यंत्रातच असतो. म्हणून सहाचं यंत्र आजींबरोबर धाडलंत आणि अकराचं सरांबरोबर. सरांचा फोन चालू राहायलाच हवा होता, कारण त्यांची मुलगी दर आठवड्याला येते आणि सगळं विचारते. पण भिंत तीच राहिली. काल त्यांच्या कानाशी रिसीव्हर दिसला, त्यातून गाणं ऐकू आलं, तेव्हा तुम्हाला कळलं. नाडी बघायच्या आधी तुम्ही गाणं बंद केलंत."

६

ताई खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत. मला वाटतं, रडल्या असत्या तर माझा राग थोडा तरी उतरला असता.

"तुम्हाला काय माहीत?" त्या म्हणाल्या. आवाजातली साखर विरघळून गेली होती. "दिवसातून पन्नास वेळा उचलायचे. किती वाजले? पाऊस आहे का? माझा मुलगा आला का? मुलगा नाहीच आहे! पूर्वी दोन सिस्टर असायच्या. साहेबांनी विचारलं, एकीत भागेल का? मी म्हटलं, भागवते. मग भागवायला नको? त्यांना मदत नको असते हो, नुसतं कुणाशीतरी बोलायचं असतं. आणि अगदी शांतता नाही ठेवली मी. गाणं दिलं. निदान मन रमत होतं त्यांचं."

"मला यातलं काही माहीत नव्हतं," डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

"एक सिस्टर कमी केली ते माहीत होतं ना?" मी विचारलं. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. मला त्या रुमालाचीही शिसारी आली.

"आणि तिच्यावर घातलंत?" सरांची मुलगी ताईंना म्हणाली. तिने सिस्टरकडे बोट केलं, मग ते बोट खाली घेतलं आणि सिस्टरच्या खांद्यावर ठेवलं. मग तिने मला विचारलं, "ते गाणं केवढं आहे हो? बाबांनी ते संपेपर्यंत तरी—"

"संपत नाही ते," मी म्हणाले. खोटं सांगायला हवं होतं कदाचित, मला जमत नाही. "शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. पोलिसांकडे जायचं होतंच, आता तक्रारीतली नावं बदलली होती. पण त्याआधी मी रिसेप्शनवर गेले, गुप्त आकडा दाबला आणि साती खोल्या पुन्हा सिस्टरच्या टेबलाला जोडल्या.

परत टेबलापाशी पोचते न पोचते तोच घंटा वाजली. पडद्यावर आकडा आला: नऊ. सिस्टरने हात पुढे केला, मग मुलीकडे पाहिलं आणि स्पीकरचं बटण दाबलं. सगळ्यांनी ऐकावं असं तिला वाटलं असणार.

आधी नुसता श्वास आला. मग एका म्हाताऱ्याचा दचकलेला आवाज.

"गाणं संपलं वाटतं? सिस्टर, तू आहेस का गं?"

"आहे, काका. बोला."

"अगं, कितीदा उचलला, पण गाणं संपेचना. तू कामात असशील म्हणून म्हटलं थांबू." त्यांनी आवाज खाली आणला. लाज वाटत असावी. "जेवणाआधीपासून अंथरूण ओलं आहे गं. ताई मघाशी दारातून बघून गेल्या, पण बाईमाणसाला कसं सांगायचं? तू सिस्टर आहेस म्हणून सांगतो. घाई नाही. पण आता थंडी वाजायला लागली आहे."

"आले काका, आलेच," म्हणत सिस्टरने कपाटातून चादर ओढली आणि ती पळाली. सरांची मुलगीही तिच्यामागे धावली.

फोन चालूच राहिला. पलीकडे काकांनी रिसीव्हर ठेवला नव्हता. वाट पाहायची तर दुसरं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तीच चाल हळूहळू गुणगुणायला सुरुवात केली. दात नसलेल्या तोंडातून, थंडीने कापत, टिंव टिंव, टिंव टिंव.

ताईंनी स्पीकर बंद करायला हात पुढे केला. मी तो धरला आणि टेबलावर दाबून ठेवला. ऐकू दे म्हटलं.